चाकावरची केरसुणी

तुम्ही खोटं छापलंय. पान एकोणीस, वरून तिसरा परिच्छेद: ‘ठरलेली खूण न लावता कोठारात उतरलेल्या एका कामगार महिलेच्या हलगर्जीपणामुळे अपघात घडला, तथापि गेट-ऑपरेटर श्री. शांताराम घाग यांच्या प्रसंगावधानामुळे तिचे प्राण वाचले.’ बंदराच्या कचेरीनं, म्हणजे तुम्ही, धान्याचा कोठा पाडण्याआधी त्याच्या इतिहासाची पुस्तिका काढलीत. चकचकीत कागद, रंगीत फोटो, मंत्र्याच्या शुभेच्छा. त्यातला शांताराम घाग म्हणजे मी. मी अजून मेलेलो नाही. ती बाईही मेलेली नाही. दोघांचीही घरं कोठ्यापासून चालत अर्ध्या तासावर आहेत. तुमच्यातला एकही माणूस विचारायला आला नाही. तर आता मी सांगतो.

“गेटवाले, दसऱ्याला तुमच्या चाकाला झेंडूची माळ घातली. आज आमच्या केरसुणीला काय घालणार?”

लक्ष्मीपूजनाची सकाळ होती. अनसा कारंडे कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी होती. माणदेशातली बाई, पंचवीस-सव्वीसची. नवरा तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडत होता आणि ही बहिणीच्या आधारानं बंदरावर आली होती. कामाला वाघीण, तोंडाला त्याहून.

“फुलं घालीन की,” मी म्हणालो.

“फुलं नगं. पूजा पायजे. यंत्राची झाली तशी. सायबाच्या हातनं.”

“साहेब केरसुणीची पूजा करील?”

“का? त्येच्या घरात झाडत न्हाईत?”

मागं गोजरमावशी बसली होती, बायांची म्होरकी. ती तंबाखू मळता मळता हसली. “जा शांताराम, इचार. न्हाई म्हणला तर सांग, उद्यापास्नं तुझा कोठा तूच झाड.”

मी विचारलं. शिफ्टचे इंजिनिअर टिपणीस साहेब नवीन होते, तिशीच्या आतले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “चार वाजता करू. त्याआधी शेवटचे ट्रक जाऊ देत.”

ते दुष्काळाचं साल. बोटीमागून बोट लागत होती. परदेशातून मिलो यायचा, तांबडी ज्वारी. ती खाताना लोक शिव्या द्यायचे, पण खायचे. खाडीच्या तोंडाशी नऊ मजली उंच आमचा कोठा. बोटीतलं धान्य लोखंडी डब्यांच्या माळेतून वर चढायचं. त्या माळेला आम्ही रहाट म्हणायचो. वरून ते सिमेंटच्या सहा गोल टाक्यांत पडायचं. त्या आमच्या विहिरी. प्रत्येक विहिरीच्या तळाला झडप, झडपेला हातभर रुंदीचं लोखंडी चाक. चाक फिरवलं की धान्य सळसळत खाली उभ्या ट्रकमध्ये. ते चाक फिरवणं माझं काम.

खारी हवा लागली की विहिरीतल्या धान्यावर पापडी धरायची. मग वरच्या झाकणातून बाया शिडीनं आत उतरायच्या आणि बांबूनं पापडी फोडायच्या. झडप बंद असेल तोवर धान्य म्हणजे जमीन. नाचा त्याच्यावर. झडप उघडली की तीच जमीन माणूस गिळते, आणि ओरडायलाही वेळ देत नाही.

म्हणून बायांची एक रीत होती. विहिरीत उतरण्याआधी खाली यायचं, आपली केरसुणी त्या विहिरीच्या चाकाला टांगायची आणि मग वर चढायचं. केरसुणी चाकाला असली की चाकाला हात नाही. जिनं टांगली तिनंच काढायची. ही रीत कुठल्या साहेबानं काढलेली नव्हती, कुठल्या पाटीवर लिहिलेली नव्हती. गोजरमावशीनं काढली होती. तिचा हिशोब साधा होता. कापडाची चिंधी बांधली तर ट्रकवाले घाईत फेकून देतील. पण केरसुणी म्हणजे लक्ष्मी. चुकून पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो. तिला बाजूला ढकलून चाक फिरवायची कोणाची छाती होती?

दोन वाजता बायांचं काम संपलं. गोजरमावशीनं मला सांगितलं, “बाबा, खालच्या केरसुण्या गोळा करून नळावर धू. मी हळदकुंकू आणते.” अकरा केरसुण्या मी धुतल्या आणि रहाटाच्या मोटारीपाशी पाट मांडून त्यावर ओळीनं ठेवल्या. टिपणीस साहेब घरून आणलेले लाह्या-बत्तासे ठेवून गेले. कोठ्याला असा सणाचा वास मी पहिल्यांदा घेतला.

तीनच्या सुमाराला फोन वाजला. ट्रकवाल्यांचा मुकादम. “घाग, पाच नंबर सोड. एकच गाडी राहिलीय. ही भरली की आम्ही पण मोकळे.”

मी पाच नंबरपाशी गेलो. चाकावर केरसुणी नव्हती. मी बघूनच हात घातला. एवढं तुमच्या पुस्तिकेत खरं आहे.

चाक फिरवलं. मिलो सुरू झाला. ट्रकच्या हौद्यात तांबडा ढीग चढायला लागला. ड्रायव्हर काहीतरी गुणगुणत होता. मी वीस आकडे मोजले असतील नसतील, आणि वरून आवाज आला. लोखंडी जिन्याच्या कठड्यावर कुणीतरी हातोडा मारत होतं. तीन ठोके, परत तीन, परत तीन. तीन म्हणजे थांब.

मी चाक उलटं फिरवलं. हात कसे फिरले ते मला आठवत नाही. मग जिना. मोजून एकशे अठ्ठावन्न पायऱ्या. एरवी दोनदा बसायचो.

वर झाकणापाशी गोजरमावशी पोटावर पडून आत वाकली होती. हातोडा बाजूला पडला होता. तिनं मान वळवली आणि एकच शब्द बोलली, “अनसा.”

मी खाली बघितलं. दोन पुरुष खोलीवर धान्य होतं, आणि मधोमध परातीसारखा खळगा. त्या खळग्यात अनसा. छातीपर्यंत आत. दोन्ही हात वर. तिच्या कमरेला दोर होता आणि त्याचं टोक गोजरमावशीनं झाकणाच्या कडीला बांधलेलं होतं, म्हणून ती तेवढी तरी दिसत होती. ती दिव्याच्या उजेडात वर बघत होती. ओरडत नव्हती. श्वास सोडला की दाणे आणखी आवळतात, आणि परत श्वास घ्यायला जागा उरत नाही. ते तिला दोन मिनिटांत कळलं होतं.

“ओढा तिला!” मी दोराला हात घातला.

“सोड!” गोजरमावशीनं माझ्या मनगटावर फटका मारला. “कंबर मोडंल तिची. दाण्यानं धरलीया ती, दोर वडून सुटत न्हाई.”

तेवढ्यात टिपणीस साहेब धापा टाकत वर आले. एकदा आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. पण डोकं चालत होतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

“घाग, खाली जा. झडप पूर्ण उघड. विहीर रिकामी करू. धान्य खाली गेलं की ती तळाला येईल, खालच्या दारातून काढू. पळ!”

मी वळलो. पंधरा वर्षांची सवय. साहेब पळ म्हणाला की पाय पळतात. एक पायरी उतरलोही.

“शांताराम,” गोजरमावशी म्हणाली. ओरडली नाही, म्हणूनच मी थांबलो. “साहेब, तुमच्या घरात कणगी हाय का?”

“काय?”

“कणगी. धान्याची. बांबूची, शेणानं लिपल्याली. तिच्या बुडाला भोक आस्तंय, त्यात चिंधीचा बोळा. बोळा काढला की कंचं धान्य आधी भाईर येतं? बुडातलं?”

“मावशी, ही वेळ आहे का...”

“वरचं येतं, साहेब! मधलं, वरचं! माथ्यावर खड्डा पडतो आन् त्यो खाली खाली जातो. कडंचं तसंच ऱ्हातं. माज्या सासूनं कणगीच्या माथ्यावर लिंबू ठेवून मला दावलं हुतं. बोळा काढला तर सगळ्यात आदी लिंबू गेलं. आता ह्या खड्ड्यात लिंबाच्या जागी कोण हाय ते बगा.”

साहेबांनी बघितलं. खळगा अनसाच्या बरोबर भोवती होता. ते शिकलेले होते. पुस्तकात हे कुठं तरी असणारच. पण पुस्तक आठवायला वेळ लागतो.

तरी ते म्हणाले, “तिचा श्वास कोंडतोय. काहीतरी करायलाच हवं. घाग, मी सांगतो ते कर. जबाबदारी माझी.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खालून आणखी तीन बाया वर आल्या होत्या. हुकूम साहेबाचा, चाक माझं.

“नाही,” मी म्हणालो. आयुष्यात साहेबाला पहिल्यांदा. “मी त्या चाकाला हात लावणार नाही. तुम्ही लावायला गेलात तर जिन्यात आडवा पडेन.”

टिपणीस साहेबांनी चष्मा काढला. मग ते गोजरमावशीला म्हणाले, “मग सांगा काय करायचं.” त्या माणसाला मी आजही मानतो. साहेबाच्या तोंडून हे वाक्य मी नोकरीत परत कधी ऐकलं नाही.

“तिच्या भवती कणगी उभी करायची,” गोजरमावशी म्हणाली. “भाईरचं धान्य आत येऊ द्यायचं न्हाई. आतलं उपसायचं. पत्रं आणा.”

चहाच्या टपरीच्या छपराचे चार पत्रे निघाले. टपरीवाला अण्णा स्वतः खिळे उपटत होता. दोन पत्रे साहेबांनी खांद्यावरून आणले. हात कापला, शर्टाला रक्त. ट्रकच्या फाळक्याच्या फळ्या आल्या. बायांनी सुपं आणि पाट्या आणल्या. पूजेच्या पाटाखालची चटईसुद्धा आली.

आत कोण उतरणार? वजनानं हलका मी. फळ्या खळग्याच्या कडेला आडव्या टाकल्या, त्यांच्यावर पोटावर सरकत मी अनसापर्यंत गेलो. आमचे चेहरे हातभर अंतरावर होते. तिच्या पापण्यांवर तांबडी धूळ बसली होती.

“आलास व्हय,” ती तुटक तुटक बोलली. “मला वाटलं... साहेब येतोय.”

“बोलू नकोस.”

“बोलू नगं... तर काय... भजन म्हणू?”

मी पहिला पत्रा तिच्या पाठीमागं उभा खुपसला. मग उजवीकडं, डावीकडं, पुढं. मी वरून दाबायचो, ठोकायचो, पत्रा इंचा-इंचानं आत जायचा. चारही पत्र्यांचे काठ एकमेकांत अडकवले. तिच्याभोवती पत्र्याची चौकोनी कणगी उभी राहिली. मग सूप. मी आतला मिलो सुपात घ्यायचो, मागं फळीवर बसलेल्या गोजरमावशीकडं द्यायचो. ती शिडीवरच्या बाईकडं, ती वर झाकणापाशी साहेबांकडं. सूप खाली, सूप वर. पहिली शंभर सुपं गेली तरी धान्य तिच्या छातीवरून हललं नाही. कारण फटीतून दाणे आत येत होते. मी अंगातला सदरा काढून फटीत कोंबला. गोजरमावशीनं पदर फाडून दिला.

“चाकाला...” अनसा म्हणाली. “केरसुणी हुती ना रं? मी टांगलीवती. जेवून मावशीसंगं वर आले, पापडी ऱ्हायलीवती थोडी... मी काढली नव्हती. का काढली मी? मला आठवंना झालंय.”

तिच्या डोळ्यांत तेव्हा पहिल्यांदा भीती दिसली. मरणाची नव्हती ती. आपलंच चुकलं की काय, याची होती.

माझ्या हातात सूप होतं. मी ते खाली ठेवलं.

“टांगली होतीस,” मी म्हणालो. “मी काढली.”

मी पुढं सांगत गेलो.

“तू जेवायला खाली आलेली मला दिसलीस. मला वाटलं तुझं काम झालं. सगळ्या बाया सुटल्या होत्या. चाकाला केरसुणी दिसली. वंगणानं काळी झालेली, उलटी टांगलेली. मी म्हटलं, सणासुदीला लक्ष्मी अशी उलटी कशाला टांगायची? काढली, धुतली, कुंकू लावून पाटावर ठेवली. अकरावी. तासाभरानं चाकावर नाही म्हणून झडप उघडली.”

मागं गोजरमावशीचा हात थांबला. वरून साहेबांनी विचारलं, “काय झालं? सूप का थांबलं?”

अनसानं बराच वेळ घेतला. तिला श्वास गोळा करायचा होता.

“म्हंजी पूजा माझ्या केरसुणीची... आन् बळी माझा,” ती म्हणाली. मग, “रडतोस काय? रडायचं तर वर जा. न्हाईतर हात चालव.”

मी हात चालवले. किती सुपं, ते कोणी मोजलं नाही. चार कधी वाजले, पाच कधी वाजले. धान्य छातीखाली गेलं तेव्हा तिनं पहिला मोठा श्वास घेतला आणि तो आवाज वर झाकणापर्यंत गेला. तिथं बाया रडायला लागल्या. कमरेखाली गेलं, गुडघ्यांशी आलं, आणि मग गोजरमावशीनं दोर अलगद ताणला. अनसा पत्र्याच्या कणगीतून वर आली. पाय बधिर. शिडीवरून तिला पाठुंगळी टिपणीस साहेबांनी नेलं.

खाली आणून मोटारीपाशी बसवली तेव्हा ती काय म्हणाली माहितीये? “चा आणा. टपरीचं छप्पर गेलं, चूल तर हाय न्हवं?”

अण्णानं उघड्या टपरीत चहा टाकला. त्या संध्याकाळी केरसुण्यांची पूजा झाली आणि साहेबांनी ती रक्ताळलेल्या हातानं केली.

भाऊबीजेला मी तिच्या खोलीवर गेलो नाही. तोंड कुठलं? तीच ताट घेऊन माझ्या दारात आली. बहीण मला नव्हती; ओवाळून घ्यायची सवयही नव्हती. मी पाटावर बसलो. तिनं ओवाळलं आणि ताट पुढं धरून म्हणाली, “घाल ओवाळणी.”

“काय घालू?”

“साडी-बिडी नगं. कुलूप घाल. चांगलं पितळंचं, येकाच चावीचं. केरसुणी माणूस काढतोय, भक्तीनं बी काढतोय. कुलूप कोण भक्तीनं काढंल?”

बाजारपेठेतलं सगळ्यात जड कुलूप मी तिला घातलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते पाच नंबरच्या चाकातून साखळी ओवून लावलं, चावी मण्यांच्या पोतीत अडकवली आणि विहिरीत उतरली. घाबरली नाही? घाबरली होती. शिडीची पहिली पायरी दोनदा चुकली. तरी उतरली.

चौकशी आठव्या दिवशी झाली. तुमच्या कचेरीतून एक गृहस्थ आले, बरोबर कारकून. मी सांगितलं, “तिनं केरसुणी टांगली होती. मी काढली.” कारकुनाचा टाक थांबला. गृहस्थ म्हणाले, “नोकरी जाईल. विचार करून बोला.” मी म्हणालो, “विचार करूनच आलोय.” मग त्यांनी कारकुनाला बरंच काही सांगितलं, इंग्रजीत. मराठीत लिहिलेला कागद माझ्यापुढं आला. मला तेव्हा सही तेवढी येत होती, वाचायला पुढं शिकलो. केली. अनसाला त्यानंतर आठ दिवस कामावर घेतलं नाही आणि कारण सांगितलं नाही. त्या आठ दिवसांत एकही बाई विहिरीत उतरली नाही. साहेबलोक विनवण्या करून दमले. नवव्या दिवशी अनसा परत आली, आणि तिच्यामागं दहा बाया. दहांच्या गळ्यात दहा चाव्या. उतरण्याआधी चाकाला कुलूप लावा, असं तुमचं परिपत्रक महिन्यानंतर निघालं, आणि पुस्तिकेत तुम्ही ते ‘प्रशासनाची दूरदृष्टी’ म्हणून छापलंत. कोठा त्यापुढं एकोणीस वर्षं चालला. एकही माणूस विहिरीत अडकला नाही.

पुस्तिकेत त्या चौकशीच्या कागदाचा फोटो आहे. खाली माझी सही, वेडीवाकडी. वर काय लिहिलंय ते मी परवा भिंगातून वाचलं: तिनं खूण लावलीच नव्हती, असं मीच सांगितल्याचं. अनसालाही वाचून दाखवलं. ती आता ऐंशीला टेकली. ती म्हणाली, “म्हंजी त्या आठ दिसांचं कारण आत्ता कळलं व्हय.” मग म्हणाली, “त्ये जाऊ दे. त्या नव्या टाक्या बगून येऊ चल.”

जुन्या धक्क्यापलीकडं पोलादी टाक्या उभ्या राहिल्यात, चकाकतात. आम्ही दोघं काठ्या टेकत गेलो. फाटकाशी हेल्मेट घातलेला ठेक्याचा माणूस होता, पस्तिशीचा, सय्यद नावाचा. अनसानं विचारलं, “आत पापडी धरली तर?”

“माणूस उतरतो, मावशी.”

“झडपंचं चाक कुटं हाय?”

“चाक नाही, बटण आहे. तिकडं, त्या दुसऱ्या इमारतीत.”

“आत माणूस असला तर त्यो बटणवाला कसा समजतो?”

सय्यद हसला. मग हसायचा थांबला. हेल्मेट काढून त्यानं डोकं खाजवलं. “वायरलेसवर सांगतो आम्ही,” तो म्हणाला, पण आवाज बारीक झाला होता. अनसानं दोन शब्दांत आमच्या कुलपांची रीत त्याला सांगितली. आम्ही निघालो तर मागून पळत आला. “मावशी, ते कुलूप नेमकं कशाला लावायचं? आम्ही बारा जण आहोत उतरणारे.” अनसा तिथंच दगडावर बसली आणि त्याला अर्धा तास समजावून सांगत होती. त्यानं तिचं सगळं बोलणं फोनमध्ये भरून घेतलं. ते बारा जण कुलूप घेतील. मला खात्री आहे. पण बटण तुमच्या इमारतीत आहे, आणि तिच्या दाराशी त्यांना कोणी उभं करत नाही.

म्हणून विचारतो. माणूस आत उतरलेला असतो, तेव्हा त्या बटणाची चावी कोणाच्या गळ्यात असते? नाव सांगा.